पिंड आणि मेहनत

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात १९१२ साली पहिली मोठी कुस्ती झाली, तेव्हा हौद्यात समोरासमोर उभे राहिलेले दोन्ही मल्ल उत्तरेकडचे होते: एक प्रसिद्ध गामा पैलवानाचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि दुसरा गुलाम मोहिद्दीन. शाहू छत्रपती १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने विलायतेस गेले असता रोमचे भग्न क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले. आपल्या राजधानीतही असे एक वर्तुळाकार मैदान असावे, जेथे शेवटच्या पायरीवर बसलेल्या रयतेलाही कोणाचे पागोटे आड न येता प्रत्येक डाव स्वच्छ दिसावा, ही कल्पना त्यांनी पुढील दहा वर्षांत तडीस नेली. महाराज स्वतः लाल मातीत अंग घोळवून मोठे झालेले असल्यामुळे त्यांचे मल्लविद्येवरील प्रेम ही केवळ दरबारी हौस नव्हती. संस्थानच्या खर्चाने पंजाबी पैलवान आणून ठेवावेत, त्यांना दूध, तूप व बदाम यांचा खुराक बांधून द्यावा, आणि त्यांच्याशी झटता झटता येथील शेतकऱ्या-धनगरांची पोरे तयार व्हावीत, असा त्यामागे एक हिशेबी बेत होता.

या बेताला फळे आली, आणि ती सर्वांना सारखी आली नाहीत म्हणूनच एक जुना प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला. एकाच तालमीत, एकाच वस्तादाच्या नजरेखाली, तितकेच जोर आणि तितक्याच बैठका काढणाऱ्या दोन पठ्ठ्यांपैकी एकाची गर्दन आणि मांडी सहा महिन्यांत भरून यावी, आणि दुसऱ्याने वर्ष उलटले तरी होता तसाच राहावे. एकाचा दम दर पंधरवड्याला वाढावा, आणि दुसऱ्याला पहिल्या महिन्यात लागलेली धाप दहाव्या महिन्यातही तशीच लागावी. हे काय गौडबंगाल आहे? घरचे लोक म्हणत की खाल्लेले त्याच्या अंगी लागत नाही, आणि तालमीतले म्हणत की तो चोरून मेहनत करतो, म्हणजे मेहनतीतच चोरी करतो. पहिल्या उत्तरात पिंडाला दोष होता, दुसऱ्यात मनाला. आणि अनेकदा दोन्ही उत्तरे एकाच पोराला एकाच दिवशी ऐकावी लागत.

वस्तादाने या प्रश्नाची मीमांसा कधी लिहून ठेवली नाही, कारण तो त्याचा व्यवसाय नव्हे. परंतु नवीन पोरगा लंगोट बांधून उंबरठ्याशी आला, म्हणजे त्याचे हाडपेर, मनगट, खांद्यांची रुंदी आणि चालण्याची ढब वस्ताद एका दृष्टिक्षेपात न्याहाळी, आणि पुष्कळदा त्याच्या बापाचा व मामाचा बांधा कसा होता, हेही विचारून घेई. पुढे कोणाला जोर-बैठकांवर जास्त ठेवायचे, कोणाच्या हाती करेल द्यायची, कोणाला मल्लखांबावर चढवायचे, आणि कोणाला मेहनत बेताची ठेवून लढतीवरच तयार करायचे, हे तो ज्याच्या-त्याच्या अंगावरून ठरवी. बाहेरून पाहणाऱ्याला तालीम ही सर्वांना एकाच घाण्याला जुंपणारी संस्था वाटते. वस्तुतः चांगल्या वस्तादाच्या तालमीत कोणत्याही दोन पठ्ठ्यांची मेहनत तंतोतंत सारखी नसे, आणि जेथे ती सारखी असे तेथे वस्ताद सामान्य प्रतीचा आहे, असे खुशाल समजावे.

या व्यवहारज्ञानाला ग्रंथाधार नव्हता असे नाही. सुश्रुताने व्यायामाचे माप सांगताना जोरांची वा पावलांची संख्या दिली नाही. ज्याने-त्याने आपल्या बळाच्या निम्म्याइतका व्यायाम करावा, असे सांगून त्याने ते माप प्रत्येकाच्या देहातच नेऊन ठेवले, आणि वय, बल, देश, काळ व आहार पाहून ते ठरवावे, अशी पुस्तीही जोडली. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात तर मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात मल्लांच्या वय, देह आणि बळ यांवरून प्रती लावलेल्या आहेत, राजाने त्यांना कोणता आहार पुरवावा ते सांगितले आहे, आणि भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम अशा नावांनी मेहनतीचे निरनिराळे प्रकार वर्णिले आहेत. आजच्या मल्लखांबाचा पूर्वज अभ्यासक या स्तंभश्रमात शोधतात. राजाच्या कोठीतून मल्लांचा शिधा सुटत असल्यामुळे कोणता मल्ल त्या शिध्याचे सार्थक करील, हे आधी पारखून घेणे हा सोमेश्वराच्या दृष्टीने निव्वळ जमाखर्चाचा भाग होता.

पारख करताना सर्वात सोपा आधार घराण्याचा. गामाचा बाप अजीजबक्ष पैलवान. बापामागे त्याला वाढविणारा आजा आणि पुढे मामा, हेही पैलवान. भाऊ इमामबक्ष पैलवान. आणि या इमामबक्षाचे भोलू, अस्लम, अक्रम इत्यादी पुत्र फाळणीनंतर पाकिस्तानात नावाजलेले मल्ल. ही परंपरा पाहिली की मल्लत्व रक्तातून उतरते, असे म्हणण्याचा मोह कोणासही होईल. परंतु थोडे थांबून पाहिले, तर या घरात रक्ताबरोबर आणखी पुष्कळ गोष्टी उतरत होत्या: पहाटे तीनला उठविणारा बाप, दारची म्हैस, घरातला हौदा, दतिया-पतियाळासारख्या दरबारांची तैनात, आणि पैलवानी सोडून दुसरे काही करावयाचे असते याची कल्पनाच नसलेले बालपण. ज्या घराचे रक्त घेतले, त्याच घराचा खुराकही घेतला. मग यश कोणाच्या खाती टाकावयाचे? उलट बाजूची उदाहरणेही हाताशी आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर नाशिकजवळच्या कोठुऱ्याच्या ब्राह्मण कुळातले होते, मल्लांच्या घराण्यातले नव्हेत. आणि गामा स्वतः उंचीने साडेपाच फुटांहून थोडासाच अधिक असून साडेसहा फुटांहून उंच अशा रहीमबक्ष सुलतानीवाल्याला भारी पडला.

हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नव्हता. डार्विनचा आतेभाऊ फ्रान्सिस गाल्टन याने १८६९ साली प्रसिद्ध केलेल्या आनुवंशिक प्रतिभेवरील ग्रंथात न्यायाधीश, सेनापती, कवी, शास्त्रज्ञ यांची घराणी मांडून झाल्यावर अगदी शेवटाकडे दोन लहानशी प्रकरणे जोडलेली आहेत: एक नावाड्यांचे आणि दुसरे इंग्लंडच्या उत्तर भागातील कुस्तीगिरांचे. कंबरलंड आणि वेस्टमोरलंड या डोंगराळ परगण्यांत कुस्तीची जुनी परंपरा होती. तेथील नामांकित मल्लांचे बाप, भाऊ व पुत्र यांची माहिती मिळवून गाल्टनने असे सुचविले, की बुद्धीप्रमाणेच स्नायूही कुळातून उतरतात. न्यायाधीशांच्या पंक्तीला मल्ल नेऊन बसविण्याइतके मोकळे मन त्याच्यापाशी होते, याचे मला कौतुक वाटते. परंतु त्या उत्तरेकडच्या खेड्यांतही कुस्तीगिराच्या मुलाला चालता येऊ लागल्यापासून कुस्तीचेच वातावरण मिळत होते, ही अडचण तेथेही जशीच्या तशी होती. गाल्टनला ती दिसली नाही असेही नाही; १८७५ साली त्याने जुळ्यांवर एक निबंध लिहून निसर्ग आणि संगोपन यांचे हिशेब वेगळे करण्याची दिशा सुचविली. १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्याने एक मापनशाळा मांडली आणि माणशी तीन पेन्स घेऊन नऊ हजारांवर लोकांची उंची, श्वास, मुठीची पकड व दृष्टी मोजली. स्वतःचे माप घेण्यासाठी पदरचे पैसे मोजून रांग लावणारे लोक हे त्या शतकाचे एक मोठे मौजेचे दृश्य होते.

तथापि मापनशाळेतून बाहेर पडलेला हा विचार ज्या वाटांनी गेला, त्या सगळ्याच मौजेच्या नव्हत्या. रक्तावरून माणसाची लायकी ठरविण्याच्या सिद्धान्ताला राज्यकर्त्यांच्या दप्तरात फार लवकर जागा मिळाली. हिंदुस्थानच्या लष्करभरतीत अमुक जाती लढवय्या आणि तमुक जाती नालायक, अशी वर्गवारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्की झाली, आणि ज्या महार शिपायांनी १८१८ साली कोरेगावला कंपनीच्या बाजूने प्राण दिले, त्यांच्या वंशजांना १८९० नंतरच्या काही वर्षांत फौजेचे दार बंद झाले. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या पेन्शनर शिपायांनी अर्ज-विनंत्या केल्या. सरकारने त्या दाखल दप्तर केल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. मधल्या पन्नास वर्षांत या लोकांच्या रक्तात काही फरक पडला होता काय? जातीच्या नावाने बांधलेला हा सिद्धान्त आणि वस्तादाची पारख यांना एकच समजण्याची चूक होऊ नये, म्हणून हे विषयांतर केले. वस्ताद समोर उभ्या असलेल्या एका पोराकडे पाही. भरतीचा अंमलदार पोराकडे न पाहता यादीकडे पाही.

त्याच सुमारास दुसऱ्या टोकाचा एक विचारही युरोपातून येथे आला, आणि तो शाळांच्या पटांगणात रुजला. बर्लिनच्या यानने १८११ साली उघड्या मैदानावर आणि स्टॉकहोमच्या लिंगने १८१३ साली स्थापिलेल्या संस्थेत सामुदायिक व्यायामाच्या ज्या पद्धती घातल्या, त्यांत शंभर माणसांनी एका शिटीवर एकच हालचाल करावयाची होती. राष्ट्राच्या दृष्टीने त्यात एक मोठी समता होती, हे नाकारता येत नाही, आणि आपल्याकडील व्यायामशाळांनीही तिचा लाभ घेतला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला जाऊन आले, आणि बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी त्याच वर्षापासून पुढील सुमारे तेरा वर्षांत 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड काढून देशी व परदेशी पद्धतींची एकत्र नोंद केली. परंतु कवायतीच्या रांगेत मागे पडणाऱ्या मुलाला मास्तर जे बोलत, त्यात पिंडाचा विचार औषधालाही नसे. सारखा हुकूम, सारखी हालचाल. म्हणून सारखे फळ आलेच पाहिजे, आणि न आले तर मुलगा आळशी, हे गृहीत इतके सोयीचे होते, की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते कोणी नीट तपासूनही पाहिले नाही.

ते तपासण्याचे काम कॅनडातील क्वेबेक शहरी, लावाल विद्यापीठात, क्लोद बुशार आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतर हाती घेतले. गाल्टनने दाखविलेली जुळ्यांची वाटच त्यांनी धरली. फरक एवढाच, की जुळ्यांच्या आयुष्याचे वृत्तान्त गोळा करण्याऐवजी त्यांनी त्यांना प्रत्यक्ष मेहनतीला लावले. एकबीज जुळ्या भावंडांच्या दहा जोड्यांनी वीस आठवडे दमाचा व्यायाम केला, तेव्हा प्रगती माणसागणिक फार वेगळी झाली. परंतु एकाच जोडीतील दोघांची प्रगती एकमेकांशी पुष्कळ जुळती आली. आहाराच्या बाबतीतही तेच. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुण जुळ्यांच्या बारा जोड्यांना शंभर दिवस देखरेखीखाली ठेवून त्यांपैकी चौऱ्याऐंशी दिवस रोज एक हजार कॅलरी जादा खावयास घातल्या. सरासरी वजन ८.१ किलो वाढले. पण एकाचे ४.३ आणि दुसऱ्याचे १३.३ अशी त्यात तफावत होती, आणि कोणत्या जोडीचे किती वाढणार यात पुन्हा दोघा भावांची पावले जवळजवळ बरोबर पडली. खाल्लेले अंगी लागणे किंवा न लागणे हे आमच्या आजीबाईंचे निदान क्वेबेकच्या तराजूवर अशा रीतीने खरे ठरले.

यानंतर बुशार यांनी अमेरिकेतील काही विद्यापीठांच्या साहाय्याने 'हेरिटेज' नावाचा मोठा कुटुंब-अभ्यास आरंभिला. आईबाप आणि त्यांची प्रौढ मुले, ज्यांना व्यायामाची मुळीच सवय नाही अशी, गोरी आणि काळी दोन्ही कुटुंबे त्यात घेतली. सगळ्यांनी आठवड्यातून तीनदा, वीस आठवडे, एका जागी बसविलेली सायकल चालवावयाची. आरंभी आपल्या कमाल क्षमतेच्या ५५ टक्के इतक्या जोराने अर्धा तास, आणि अखेरीस ७५ टक्के जोराने पन्नास मिनिटे. सायकलचा ताण स्वाराच्या नाडीवरून यंत्रच कमीजास्त करी, म्हणजे मेहनत चोरण्याला वाव नव्हता, आणि प्रत्येकाचा व्यायाम त्याच्याच बळाच्या प्रमाणात मोजून दिलेला होता. सुश्रुताला हा बंदोबस्त पटला असता, असे मला वाटते.

सातशेहून अधिक माणसांनी हा क्रम पुरा केला, तेव्हा जे दिसले ते तालमीतल्या कोणालाही नवे नव्हते. परंतु आता ते आकड्यांत होते. शरीराची प्राणवायू घेण्याची कमाल क्षमता, जिला पैलवान दम म्हणतात, ती सरासरीने मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटरने वाढली. पण काहींची जवळजवळ काहीच वाढली नाही, आणि काहींची एक लिटरहून अधिक वाढली. ही वाढ वयावर, लिंगावर किंवा वर्णावर फारशी अवलंबून नव्हती. आणि ज्याचा दम मुळात मोठा त्याचीच वाढ मोठी, असेही आढळले नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी चमकणारा आणि मेहनतीने चढत जाणारा, हे दोन वेगळे पिंड होत. एका घरातल्या माणसांची वाढ परस्परांशी जितकी मिळतीजुळती, तितकी घराघरांची एकमेकांशी नव्हती. निरनिराळ्या कुटुंबांमधील तफावत एका कुटुंबातल्या तफावतीच्या अडीचपट भरली. १९९९ साली गोऱ्या कुटुंबांपुरता जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात वाढीतील तफावतीपैकी ४७ टक्क्यांपर्यंतचा भाग कुळाच्या खात्यावर पडला.

या ४७ टक्क्यांचा अर्थ नीट समजून घेणे अवश्य आहे. अमुक एका गृहस्थाच्या दमाचा निम्मा भाग बापाने दिला आणि उरलेला त्याने कमावला, असे हा आकडा म्हणत नाही. सारख्या मेहनतीनंतर एका समुदायातील माणसे एकमेकांपासून जितकी वेगळी दिसतात, त्या वेगळेपणाचा किती अंश घराण्याशी बांधलेला आहे, एवढेच तो सांगतो. समुदाय बदलला की आकडाही बदलतो. शिवाय एकाच घरात राहिल्याचा परिणाम त्यातून संपूर्ण वजा करता येत नाही. याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट उघड केली, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते: ज्याचा दम वाढला नाही त्याचा रक्तदाब उतरला असेल, ज्याचा रक्तदाब हलला नाही त्याच्या शरीराने साखर पचविण्यात प्रगती केली असेल. एका खात्यावर शून्य म्हणून माणसाला नापास ठरविणारा कवायतीचा मास्तर येथे पुरता खोटा पडतो.

आता एखाददुसरा जनुक एकट्याने केवढा चमत्कार घडवितो, याचे उदाहरण पाहिजे असेल, तर फिनलंडच्या उत्तरेस आर्क्टिक वर्तुळाजवळच्या पेल्लो गावी गेले पाहिजे. तेथला ईरो मॅंटिरांटा हा बर्फावरील स्कीचा धावपटू १९६० ते १९६८ या काळात ऑलिंपिकची सात पदके घेऊन आला, त्यांपैकी १९६४ साली इन्सब्रुकला वैयक्तिक शर्यतींत दोन सुवर्णपदके. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन इतके अधिक होते, की तो रक्ताच्या बाबतीत काही लबाडी करतो, असा लोकांना वर्षानुवर्षे संशय येत राहिला. १९९३ साली आल्बेर द ला शापेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या विस्तीर्ण गोतावळ्याचे रक्त तपासून दाखविले, की तांबड्या पेशी निर्माण करण्याचा संदेश घेणारा पेशीवरील ग्राहक ज्या जनुकाने घडतो, त्यातच या घराण्यात एक बदल आहे. त्यामुळे संदेश थोडा असूनही पेशी भरपूर निर्माण होतात. संशय तेव्हा फिटला, पण खेळाडूची उमेदीची वर्षे त्यात गेली होती. ज्या नातलगांना हाच बदल वारशाने मिळाला होता, त्यांतले बहुसंख्य लोक ऑलिंपिकच्या आसपासही गेले नाहीत, हेही येथेच नमूद केले पाहिजे. त्याने लहानपणी गोठलेल्या तळ्यावरून शाळेपर्यंत केलेली घसरपट्टी आणि पुढची मेहनत कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही.

असा एकखांबी जनुक विरळाच. स्नायूंच्या वेगवान तंतूंत आढळणाऱ्या एका प्रथिनाचा जनुक, ज्याला शास्त्रज्ञ एसीटीएन-३ म्हणतात, त्याची फार चर्चा झाली. जगातील एक अब्जाहून अधिक माणसांत हे प्रथिन मुळीच तयार होत नाही, आणि तरी ती धडधाकट असतात. २००३ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे आढळले, की तेथील अव्वल दर्जाच्या जलद धावपटूंत हे प्रथिन नसलेला माणूस जवळपास मिळत नाही. शोध खरा, परंतु शंभर मीटरच्या अंतिम रेषेजवळच्या शतांश सेकंदांपुरता खरा. गल्लीतल्या पोरांत कोण धावेल, हे त्यावरून सांगणे म्हणजे ज्योतिष. आणि रक्त व मेहनत यांच्या मध्ये तिसराही एक वाटेकरी आहे, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने ध्यानात आणून दिले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा जो अभ्यास चालविला, त्यात जन्मतः २.७ किलो वजनाचे येथले मूल ३.५ किलोच्या इंग्रज मुलापुढे स्नायूंनी फार उणे, पण चरबीने त्यामानाने फारसे उणे नाही, असे दिसले. आईच्या ताटातले आणि तिच्या डोक्यावरच्या ओझ्यातले जे गर्भापर्यंत पोचते, ते बाळ जन्मताच घेऊन येते, आणि आपण त्याला खुशाल पिंड म्हणून मोकळे होतो.

राहता राहिले मन. चोरून मेहनत करणारा हा आरोप शरीरावरचा नसून मनावरचा होता, आणि मनाच्या बाबतीत तरी माणूस स्वतंत्र आहे, असे मानण्याची आपली सवय आहे. थिओडोर गार्लंड यांनी १९९३ साली विस्कॉन्सिन येथे उंदरांच्या पिंजऱ्यांत फिरती चाके बसविली आणि जे उंदीर आपखुशीने जास्त धावतात, त्यांचीच पैदास पिढ्यानपिढ्या केली. काही पिढ्यांत असे वंश तयार झाले, की ज्यांतले उंदीर साध्या उंदरांच्या सुमारे तिप्पट धावू लागले; त्यांना कोणी हाकीत नव्हते, कोणी बक्षीस देत नव्हते. त्यांच्या पायांतच नव्हे, तर मेंदूत सुखाची व ओढीची जाणीव देणारे जे डोपामिन, त्याच्या व्यवस्थेतही फरक पडलेला आढळला. माणसांवर चाकाचा प्रयोग करता येत नाही. परंतु सात देशांतील सदतीस हजार जुळ्यांच्या जोड्यांची माहिती २००६ साली एकत्र मांडली गेली, तेव्हा फावल्या वेळात कोण नेमाने व्यायाम करतो आणि कोण नाही, या फरकाचाही सुमारे निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंतचा भाग आनुवंशिक ठरला. म्हणजे मेहनतीचे फळ जसे वारशात, तशी मेहनतीची आवडही काही अंशी वारशातच.

याहून चमत्कारिक निष्कर्ष डच जुळ्यांचा. नेमाने व्यायाम करणारी माणसे चिंता आणि उदासीनता यांपासून काहीशी दूर असतात, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि व्यायामाने मन प्रसन्न होते, असा त्याचा सरळ अर्थ आपण लावतो. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकबीज जुळ्यांपैकी जास्त व्यायाम करणारे भावंड कमी व्यायाम करणाऱ्यापेक्षा अधिक प्रसन्न आहे, असे दिसले नाही. व्यायामाची आवड आणि मनाची प्रसन्नता या दोहोंना पुष्कळ अंशी एकच आनुवंशिक मूळ असावे, असा संशोधकांनी तर्क केला. यावरून उदास माणसाला व्यायामाचा उपयोग नाही, असे कोणी काढील तर तो उतावळेपणा होईल; खिन्नतेवर उपचार म्हणून देखरेखीखाली दिलेला व्यायाम ही गोष्ट निराळी, आणि तिचे गुण स्वतंत्रपणे दिसलेले आहेत. पण पहाटे पाचला हसतमुखाने तालमीत येणाऱ्या पोराचे हसू मेहनतीतून आले की तेच त्याला मेहनतीला घेऊन आले, याचा निवाडा वाटतो तितका सोपा नाही, एवढे मात्र खरे.

मग ज्याचा दम वाढतच नाही, त्याने लंगोट खुंटीला टांगावा काय? झुरिकच्या दाविद मोंतेरो आणि कार्स्टेन लुंडबी यांनी २०१७ साली या प्रश्नाला सरळ हात घातला. अठ्ठ्याहत्तर निरोगी माणसांचे पाच गट केले, आणि सहा आठवडे एका गटाने आठवड्यातून एकदा, दुसऱ्याने दोनदा, असे करीत पाचव्याने पाच वेळा तासभर सायकल चालविली. एकदाच चालविणाऱ्यांत शेकडा ६९ जणांना काहीच गुण आला नाही. दोनदा चालविणाऱ्यांत हे प्रमाण ४०, तीनदा चालविणाऱ्यांत २९, आणि चार वा पाच वेळा चालविणाऱ्यांत शून्य. ज्यांना गुण आला नव्हता, त्यांच्या मेहनतीत पुढील सहा आठवडे आणखी दोन दिवसांची भर घातली, तेव्हा त्यांच्यापैकीही कोणी कोरा राहिला नाही. सर्वांची वाढ सारखी झाली असे मात्र नव्हे. पिंडाने फळाचे माप ठरविले. फळ येणार की नाही, ते मेहनतीच्या रकमेने ठरविले.

या शास्त्राची दुकानदारी झाली नसती, तरच नवल. मुलाची थुंकी नळीत भरून टपालाने पाठवावी आणि त्याने धावावे, पोहावे की वजने उचलावीत, याचा छापील दाखला घरपोच मागवावा, असा व्यापार या शतकात जोरात चालू झाला. २०१५ साली निरनिराळ्या देशांतील क्रीडावैद्यक आणि जनुकशास्त्र यांच्या जाणकारांनी एकत्र बसून जाहीर केले, की गुणी मुले निवडण्यासाठी किंवा कोणाला कोणती मेहनत द्यावी हे ठरविण्यासाठी या चाचण्यांना आजच्या ज्ञानाचा आधार नाही, आणि मुलांवर तर त्या करूच नयेत. निवेदन स्पष्ट होते. तरी दुकाने उघडीच आहेत, आणि दाखले मागविणाऱ्या पालकांत ज्यांनी स्वतः कधी पाच बैठका काढलेल्या नाहीत, असे बरेच असावेत, असा माझा अंदाज आहे.